खोली मागू नका

बसमध्ये मी शेजारची काच लावू देत नाही. धुळे-जळगाव रस्त्यावर थंडीच्या दिवसांत सकाळचा वारा कान कापतो. मागचे लोक कुरकुरतात, कंडक्टर म्हणतो, आबा, या वयात हा काय हट्ट? मी काच धरून बसतो. लोकांना वाटतं म्हातारा तिरसट आहे. तिरसट आहेच, पण काचेचं कारण वेगळं आहे.

तीस वर्षं मी डेपोत नव्या ड्रायव्हरांना बस शिकवली. फटकळ माणूस म्हणून सगळा डेपो ओळखायचा. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून धुळ्यात एका एजंटाच्या ऑफिसात लागलो. टायरच्या दुकानावर एक खोली, चार बाकं, भिंतीवर युरोपचा नकाशा. तिकडच्या ट्रक कंपन्यांना ड्रायव्हर मिळत नाहीत, तर आपल्याकडचे पाठवायचे. जाण्याआधी आठ दिवस त्यांना तिकडची पद्धत शिकवणं हे माझं काम.

शेवटच्या दिवशी नियमांचा कागद असायचा. ड्रायव्हरला परदेशी कामाला पाठवणाऱ्या मालकाने काय काय करायचं, ते त्यात मराठीत लिहिलेलं. ज्या देशात पाठवायचं तिथे आधी नोंद करायची, पगार त्या देशाच्या दराने द्यायचा, सगळे कागद केबिनमध्ये ठेवायचे, असं बरंच. मी एकेक कलम वाचायचो, मग सगळ्यांच्या सह्या, आणि खाली माझी: वरील सर्व नियम वाचून व समजावून सांगितले.

सातवं कलम असं होतं. आठवड्याची मोठी विश्रांती ड्रायव्हरने केबिनमध्ये घ्यायची नाही. बाहेर झोपायची चांगली सोय मालकाने करायची, स्वतःच्या खर्चाने.

एका बॅचला हे कलम मी वाचून दाखवलं नाही. मला कोणी गाळायला सांगितलं नव्हतं. माझाच आगाऊपणा. म्हणालो, "इथे खोलीबिलीचं काहीतरी लिहिलंय. पण पहिल्या वर्षी खोली मागू नका. नवा माणूस आल्या आल्या खोली मागायला लागला की मालकाच्या डोळ्यात खुपतो. आणि आपण काय, गाडीतच जन्म काढलेली माणसं. गाडी सोडून झोपतो तो ड्रायव्हर कसला?" सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

त्या बॅचमध्ये दुसऱ्या बाकावर जळगावजवळच्या असोद्याचा एक जण बसायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा. बारा वर्षं त्याने केळीचे ट्रक दिल्लीला नेले होते. केळीचा ट्रक रस्त्यात रखडला की माल आतल्या आत पिकायला लागतो, म्हणून ही माणसं केबिनमध्येच जेवतात, केबिनमध्येच झोपतात, आणि सीटच्या मागे गॅसची छोटी शेगडी ठेवतात. मी बोललेलं प्रत्येक वाक्य तो वहीत उतरवून घ्यायचा. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा यायचा. त्या दिवशी त्याने हात वर केला.

"आबा, थंडी लय असली तं?"

"काच लावून घे आणि शेगडी पेटव. आता हेही मीच सांगू का?"

पुन्हा सगळे हसले. त्याने मान खाली घालून तेही लिहून घेतलं.

पहिल्याच हिवाळ्यात तो गेला. दोन दिवसांची सुट्टी होती, बाहेर बर्फ, ट्रक एका मोठ्या पार्किंगमध्ये उभा. काचा बंद, आत शेगडी चालू. बंद जागेत शेगडीने हवा विषारी होते, वासही येत नाही. झोपेतच संपला. सोमवारी त्याची गाडी हलली नाही म्हणून शेजारच्या ड्रायव्हरने काच फोडली.

दोन महिन्यांनी त्याची बायको ऑफिसात आली. हातात कंपनीचं पत्र, त्याला सह्यांचा कागद जोडलेला. पत्रात लिहिलं होतं की केबिनमध्ये मुक्काम करू नये हे चालकास समजावून सांगितले होते, तरीही तो स्वतःच्या मर्जीने केबिनमध्ये राहिला. तिने मला तो जोडलेला कागद वाचून दाखवायला सांगितलं. त्याची सही असलेल्या कागदावरचं सातवं कलम मोठ्याने वाचण्याची माझी ती पहिली वेळ. माझा आवाज मलाच परका वाटला.

"सासरे म्हनतात, एवढं सांगूनबी यानं आयकलं नही, सोताच्या हातानं मेला," ती म्हणाली. "त्यायचं नाव काढू देत नही घरात. आबा, तुमी खरं सांगा. तुमी हे त्यायले सांगतलं व्हतं का?"

खाली माझी सही होती. एजंट शेजारच्या टेबलावर बसला होता. पण त्याच्यावर कशाला ढकलू, भीती माझीच होती.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मी तुमालेच दोष देत व्हती आबा. माफ करा." आणि तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला. आयुष्यात इतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण नंतरच्या प्रत्येक बॅचला दुसऱ्या बाकावर कोणी वही उघडली की मी वाचता वाचता थांबायचो. भर दुपारी, पंखा चालू असताना, कागदावर पेन घासल्याचा आवाज यायचा. बघावं तर कोणी लिहीत नसायचं. सातवं कलम मी तीन-तीनदा वाचायला लागलो. दोनदा असोद्याला गेलो. दोन्ही वेळा बसमधून उतरलो, टपरीवर चहा घेतला आणि तिच्या घराकडे न जाता परत फिरलो.

पुढच्या वर्षी तिचा दीर आमच्या बॅचला आला. शेवटच्या दिवशी ती स्वतः त्याच्यासोबत आली आणि मागे खुर्चीवर बसली. म्हणाली, "याले नीट सांगा आबा. भावासारखं याचं व्हयाला नको." मी सातवं कलम वाचलं, समजावलं, खोली मागायचीच, मिळेपर्यंत मागायची, असं टेबलावर हात आपटून सांगितलं.

दाराशी पिंपळनेरचा एक ड्रायव्हर उभा होता. त्याच जुन्या बॅचमधला, सुट्टीवर आलेला, काहीतरी कागद न्यायला आलेला. मागे बसलेली बाई कोण हे त्याला माहीत नव्हतं.

"आबा, आमले तं तुम्ही हाई सांगेल नव्हतं," तो सहज बोलला. "खोली मांगू नका, गाडीमाच झोपा, आसं सांगेल व्हतं."

ती उठून पुढे आली. "खरं का आबा?"

"खरं," मी म्हणालो. "मागू नका, असं मीच म्हणालो होतो. काच लावून शेगडी पेटव, हेही मीच सांगितलं."

मला वाटलं ती शिव्या देईल, रडेल. तिने आधी दिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बापानं वरीसभर नाव टाकलं त्यायचं. आयकलं नही म्हनून," ती म्हणाली. "त्यायनं तं आयकलं व्हतं. तुमचंच आयकलं."