उंद्रीतला ताशा

पौषातल्या एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, उंद्रीच्या पुढे खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या उतारावर घोडीने उजवा पुढचा पाय जमिनीला टेकवणं सोडलं. तिच्यावर बसलेले गृहस्थ लगेच खाली उतरले. मी मागे व्हॅनमध्ये होतो. आमच्यात शंभरेक पावलांचं अंतर असेल.

ते निवृत्त हवालदार होते. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी सैन्याच्या खेचरांच्या तुकडीत, बर्फातल्या चौक्यांवर रसद पोचवण्यात काढली. आमच्या भागात फौजेतून परतलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. सुलतानपुरात तेही मेजरच. वय बासष्ट. पत्नी चार वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने वारल्या. त्यांचं माहेर नांदुऱ्याच्या पलीकडे, खारपाण पट्ट्यात. मेजर सीमेवर असताना त्या बरीच वर्षं माहेरीच राहिल्या आणि तिथलंच खारं पाणी प्यायल्या. त्या गावात हा आजार घरोघरी आहे. डायलिसिसला जायला रुग्ण पहाटेच्या एसटीने निघतात आणि परत येताना पुष्कळदा त्यांना उभ्याने प्रवास करावा लागतो. पत्नीला नेताआणताना मेजरांनी हे पाहिलं होतं.

त्या गावातल्या रुग्णांसाठी एक गाडी घ्यायची, एवढाच त्यांचा हेतू होता. सुलतानपूरहून घोड्यावरून निघायचं, मेहकर, चिखली, उंद्री, खामगाव, नांदुरा असं करत पत्नीच्या गावी पोचायचं आणि वाटेत लोकांकडे मदत मागायची. मी वर्तमानपत्रातून नुकताच निवृत्त झालो होतो. माझी जुनी व्हॅन होती. चारा आणि पाण्याचे कॅन घेऊन मागे राहायचं, पुढच्या गावाला फोन करून मुक्काम ठरवायचा आणि रोज संध्याकाळी माझ्या जुन्या वर्तमानपत्राला चार ओळींची बातमी द्यायची, हे काम मी घेतलं.

घोडी मेहकरच्या एका घोडीवाल्याची होती. लग्नात नवरदेव मिरवायची. पौषात लग्नं नसतात, घोडी ठाणावर उभी असते, म्हणून त्याने ती दिली. भाडं घेतलं नाही. सुलतानपूरला आणून सोडली तेव्हा तिच्या तोंडावरून हात फिरवत तो एवढंच म्हणाला, “जशी नेता तशी आना, मेजर. माघ लागला का लग्नं हायेत. माह्या घरची भाकर हाये थे.”

मेजर म्हणाले, “तुह्या हाती धडधाकट देईन.”

पहिल्या दिवसापासून त्यांनी फौजेतला नियम पाळला. मुक्कामाला पोचलं की आधी घोडीला पाणी, मग अंगाला खरारा, मग दाण्याची चंदी, मग चारी पाय हाताने चाचपून पाहणं. त्यानंतर स्वतःचा चहा. मला भूक लागली असली तरी या क्रमात बदल होत नसे.

मेहकरच्या बाहेर एका टपरीवर चार-पाच माणसं बसली होती. घोडीच्या कपाळावर लग्नातला जुना गोंडा तसाच होता. त्यावरून एकाने विचारलं, “काय बाबा, ह्या वयात घोडीवर? नवरी कुठची हाये?”

“नांदुऱ्याकडची,” मेजर म्हणाले. “तिच्याच गावाले जाऊन राह्यलो.”

टपरी हसली. मेजरही हसले. मी पत्रकं वाटत होतो. पत्रकावर पत्नीच्या आजाराचा उल्लेख होता. ते वाचून त्या माणसाने चहाचे पैसे घेऊ नका म्हणून टपरीवाल्याला खूण केली आणि आम्ही निघेपर्यंत मान वर केली नाही.

पहिले दोन दिवस लोक थांबून बघत आणि आपल्या कामाला जात. तिसऱ्या दिवशी चिखलीत एका दुकानाचं उद्घाटन चाललं होतं. बँडवाल्यांनी आम्हाला पाहून वाजवायला सुरुवात केली आणि घोडी डांबरावर नाचू लागली. आळीपाळीने पुढचे पाय उचलायची, आपटायची. तिला तेच शिकवलेलं होतं. दहा मिनिटांत गर्दी जमली. मदतीचा डबा हातोहात फिरला. मेजरांनी मोठ्या कष्टाने तिला आवरलं, उतरले आणि लगाम धरून पायी गावाबाहेर नेलं.

तिथे त्यांनी मला सांगितलं, यापुढे कुठल्याही गावात वाजंत्री नको. वरातीत ती तासभर मातीवर नाचते आणि दुसऱ्या दिवशी उभी राहते. इथे ती दिवसभर माणूस घेऊन डांबरावर चालते, वरून नाचली तर पुढचे पाय जातील. “थे मनानं नाही थांबत, भाऊ. वाजलं का नाचते. आपुनच थांबवाचं.”

मी हो म्हणालो. संध्याकाळी उंद्रीला फोन केला. मुक्कामाचं, चाऱ्याचं, शाळेतल्या कार्यक्रमाचं बोललो. वाजंत्रीचं बोललो नाही. विसरलो नव्हतो.

चौथ्या दिवशी, बुधवारी, उंद्रीत पोचलो. गुरुवारी सकाळी निघताना बसस्टँडजवळ ताशेवाले उभे होते. चिखलीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. मेजर खोगिराचा पट्टा आवळत होते. त्यांच्यातला वयस्कर माणूस माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “वाजवू का, साहेब?”

मी म्हणालो, “वाजवा.”

मेजर वर बसेपर्यंत ते थांबले आणि मग ताशा सुरू झाला. मेजर हात हलवून काहीतरी सांगत होते, ते कुणाला ऐकू गेलं नाही. लोकांना वाटलं, ते नमस्कार करताहेत. गर्दी इतकी दाटली होती की त्यांना खाली उतरता आलं नाही. बसस्टँडपासून शेवटच्या घरापर्यंत घोडी नाचत गेली. मी फोटो काढले. बायका घरातून येऊन डब्यात पैसे टाकत होत्या. हे सगळं वीस मिनिटं चाललं. गाव संपल्यावर मेजरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर दीड तासाने तो उतार आला.

त्यांनी खोगीर उतरवलं, बारदान पाण्यात भिजवून पायाला गुंडाळलं आणि घोडीचं डोकं खांद्यावर घेऊन उभे राहिले. गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून दुपारी आले. पायाचा स्नायुबंध फाटला आहे, हिला आता रस्त्यावर चालवू नका, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा नाचेल का, असं मेजरांनी विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि औषध लिहून दिलं.

घोडीला मेहकरला न्यायला पिकअप बोलावला. तो यायच्या आत मी मेजरांना म्हणालो, पत्नीच्या गावचे लोक वाट बघताहेत, आपण व्हॅनने जाऊ, कार्यक्रम करून परत येऊ.

“जनावर मोडून तिच्या गावात कोन्या तोंडानं जाऊ?” ते म्हणाले.

मेहकरपर्यंत ते पिकअपच्या मागच्या भागात, तिच्या तोंडाची मोरखी धरून उभे होते. घोडीवाल्याने पायावरून हात फिरवला, गुडघ्याखाली थांबला, पुन्हा फिरवला. तो रागावला नाही. आत जाऊन त्याने घोडीचा लग्नातला साज आणला आणि मेजरांच्या हातात दिला. म्हणाला, आता याचं मी काय करू. माघ लागायच्या आत मेजरांनी त्याला दुसरी घोडी आणून दिली आणि ही आपल्या घरी नेली. त्यासाठी काय विकलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी दिलेली बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. ‘उंद्री येथे ग्रामस्थांनी उत्स्फूर्तपणे ताशाच्या गजरात स्वागत केले. पुढे घोडीच्या पायाला दुखापत झाल्याने उपक्रम स्थगित करण्यात आला.’ वाक्यं माझी आहेत. त्यातला ‘उत्स्फूर्तपणे’ हा शब्द खोटा आहे.

जमलेली रक्कम पत्नीच्या गावातल्या मंडळींकडे पोचली. गाडी अजून आलेली नाही.

वैशाखात मी सुलतानपूरला गेलो. घोडी अंगणात लिंबाखाली बांधली होती. उजवा पुढचा पाय गुडघ्याखाली जाड झाला होता. मेजर खरारा करत होते. मी उंद्रीत काय झालं ते सांगितलं. ताशेवाल्याने विचारलं होतं आणि वाजवा असं मीच म्हणालो होतो, हे सांगितलं.

त्यांचा हात थांबला नाही. पाठ झाली, पोट झालं, मागचे पाय झाले.

“पेपरात तं गावकऱ्याईचं नाव होतं,” ते म्हणाले.

“ते मीच लिहिलं होतं, मेजर.”

“काऊन?”

मी घोडीच्या जाड झालेल्या पायाकडे पाहिलं.

“मंग खरं काय थे बी लिहा,” ते म्हणाले आणि घोडीची बादली भरायला उठले.

तेवढ्यात रस्त्यावरून वरात येऊ लागली. पुढे ताशा होता. मेजर बादली ठेवून फाटकाबाहेर गेले आणि दोन्ही हात वर करून रस्त्यात उभे राहिले. वरातीतले लोक त्यांना ओळखत होते. ताशा बंद झाला. त्यांच्या घरासमोरून वरात काहीही न वाजवता गेली. नवरदेवाची घोडी पांढरी होती.

वरात वळणाआड गेल्यावर मेजर आत आले. अंगणातल्या घोडीने मान रस्त्याकडे वळवली होती आणि तिचा उजवा पुढचा पाय नाचायला उचलल्यासारखा जमिनीपासून वर होता. तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.