आखाजीचा गोटा

“भिंत फुटायच्या आधी हिचं डोकं फुटेल,” बाथरूमच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

“मॅडमला विचार ना. ती रोज ऐकते,” दुसरी हसली.

मॅडम म्हणजे मी. हौदावरून भरून आणलेली बादली घेऊन मी त्यांच्या मागेच उभी होते. आतून धप्प असा आवाज येत होता. थोडं थांबून पुन्हा. आत माझी रूममेट होती.

मेसच्या मावशींनी खांद्याने धक्के देऊन कडी उचकटली. ती बाहेर आली तेव्हा कपाळावरचं रक्त भुवईतून पापणीवर उतरलं होतं. मावशींनी तिला धरायला हात पुढे केला, तर ती त्या हाताला चावली. मग चार-पाच जणी तिच्यावर तुटून पडल्या. एकीने वेणी धरून डोकं मागे खेचलं, एकीने पाठीत गुडघा दिला, कुणीतरी ओढणीने मनगटं बांधली. त्यातलं कोण मदत करत होतं आणि कोण राग काढत होतं, हे मला अजूनही सांगता येणार नाही. पंधरा दिवस तिच्यामुळे कुणाचा धड अभ्यास झाला नव्हता.

“मॅडम, सोडव ना,” ती एकदाच म्हणाली.

मी हलले नाही. सगळं संपल्यावर पाहिलं, तर माझ्या बादलीतलं पाणी जरासुद्धा सांडलं नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट, धुळ्याच्या मुलींच्या हॉस्टेलमधली. मी जळगावच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून तिथे आले होते. मराठी बोलताना वाक्य आधी मनात जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत समोरची माणसं दुसऱ्या विषयावर गेलेली असायची. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत नाक खुपसायचं नाही, हे शाळेने आणि घराने चांगलं पक्कं केलं होतं. म्हणून खोलीत डोकं आपटताना ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी उठले आणि दार लावून घेतलं. कुणी पाहू नये म्हणून. त्याला मी बरेच दिवस सभ्यपणा समजत होते.

बाथरूमच्या त्या प्रकाराच्या कितीतरी आधी, दिवाळीनंतर, आमच्या वर्गाच्या बाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. सोबत मी. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे. नाटक नाही आणि बाहेरचंही काही नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, दर गुरुवारी यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे उसळतं तसं ओसरतंही. उसळायला लागलं की ही तुला हाक मारेल. तू मोठ्याने उत्तर द्यायचं, आणि ओसरेपर्यंत बोलत राहायचं. काहीही बोल. जमेल?”

मी मान हलवली.

तिने आपली बाजू सांभाळली. वहीतून मान वर करून म्हणायची, “येतंय गं.” मी तिच्या कॉटवर जाऊन बसायचे, तिचे हात धरायचे, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तरी हिवाळाभर ते चाललं. ती जेवत होती, चाचणीत पासही झाली. एकदा तर “आज आलं आणि तसंच गेलं, तुला उठवलंसुद्धा नाही,” असं तिने दाताला मिस्री लावता लावता सहज सांगितलं. मार्चमध्ये झोप येते म्हणून तिने गोळ्या बंद केल्या. मला ते दिसत होतं. “येतंय गं” पुन्हा वाढलं. मलाही परीक्षा होती. मी ऐकायचे आणि पुस्तकाचं पान उलटायचे.

बाथरूममधल्या प्रकारानंतर रेक्टरबाईंनी मला बोलावलं.

“तुला तिचा त्रास होतो ना?”

मी वाक्य जुळवत उभी राहिले.

“भीती वाटते ना?”

मी आणखी जुळवत राहिले.

“बरं, जा तू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात चिकटवलेलं पाकीट दिलं. लेखी पेपर संपले होते, प्रॅक्टिकल आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर होतं. सणाला तिला घरी पोचवायचं आणि पाकीट तिच्या वडिलांच्या हातात द्यायचं. आत काय असणार ते आम्हा दोघींना कळत होतं. हॉस्टेल गेलं की प्रॅक्टिकल गेलं, प्रॅक्टिकल गेलं की वर्ष. सोनगीरला एसटीतून उतरताना ती म्हणाली, “लग्न लावून देतील. तिथेही भिंती असतीलच.”

पाकीट माझ्या पिशवीत होतं. ते रस्त्यात फेकून द्यावं असं दोनदा मनात आलं, पण तेवढंही धाडस झालं नाही.

तिचं गाव नदीकाठी होतं. उन्हाळ्याने नदी आटलेली, पात्रात नुसते गोटे आणि मध्ये एक डबकं. समोरच्या काठावर दुसरं गाव. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. गौराई बोळवल्यावर दोन्ही गावांच्या बायका काठावर समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात आणि गोटे मारतात, हे जळगावच्या आमच्या कॉलनीत कुणी सांगितलं नव्हतं. पुरुष लांब सावलीत पत्ते खेळत बसले होते. त्या दिवशी त्यांनी मध्ये पडायचं नसतं.

“तुना दादला भाकरी थापस वं!” पलीकडून एक म्हातारी ओरडली. दादला म्हणजे नवरा.

“थापस ते थापस, तुनागत कच्ची नई ठेवस!” रूममेटच्या काकूंनी परतवलं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं.

दोन्ही काठ हसले. मग पहिला गोटा आला. सुरुवातीचे गोटे वाळूत पडत होते. नंतर एकीच्या नडगीवर बसला, ती मटकन खाली बसली, आणि हसणं थांबलं. बायकांनी पदर खोचले. त्यांतल्या दोघींच्या हातात गोफणी होत्या. दगड हाडावर लागल्याचा आवाज मला ओळखीचा होता. तो मी खोलीत पुष्कळदा ऐकला होता. फरक इतकाच, की इथे जिला लागत होतं ती बोंब मारत होती, आणि तिच्या बोंबेवर दहा जणी धावून येत होत्या. कुणाचा ओठ फाटला होता, कुणाची कोपरं सोलली होती. एका म्हातारीने तोंडातलं रक्त थुंकलं आणि पुन्हा खाली वाकून गोटा उचलला.

माझी रूममेट सगळ्यांच्या पुढे, पार पात्रात उतरली होती. कपाळाची पट्टी सुटून लोंबत होती. पलीकडच्या बायकांना शिव्या देता देता ती रेक्टरबाईंना देऊ लागली. मग वेणी ओढणाऱ्या मुलींना. मग म्हणाली, “आनी ती मॅडम! बादली धरीसन उभी राहनारी मॅडम!” आणि हातातला गोटा सगळा जीव लावून फेकला. तो पलीकडे गेला खरा, पण मी दोन पावलं मागे सरले.

“नुसती दखी काय राह्यनी वं? मार ना!” अक्कांनी मला ढकललं.

मी वाकले. गोटा उन्हाने तापलेला होता. तो हातात नीट धरते न धरते तोच माझ्या कानाच्या वर काहीतरी आदळलं. मी ओरडले. कुठलंही वाक्य न जुळवता, घसा फाटेपर्यंत.

सगळ्यात आधी तीच पोचली. ओढणीचा बोळा करून तिने जखमेवर गच्च दाबला.

“जोरात दाबावं लागतं. मला माहीत आहे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत, “तुला आवाज आहे की गं. मग खोलीत कुठे असतो? मी डोकं आपटते आणि तू पान उलटतेस. मला पान उलटल्याचा आवाज येतो.”

त्या दगडफेकीने ती मोकळी झाली, बरी झाली, असं मी म्हणणार नाही. मला ती प्रथा तेव्हाही भयंकर वाटली, आजही वाटते. संध्याकाळी अक्कांनी आम्हा दोघींच्या डोक्यांना हळद भरली, आणि तिचे वडील, आबा, ओट्यावर येऊन बसले. मी पाकीट त्यांना दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि परत माझ्याकडे केलं.

“मना चश्मा फुटेल शे. तूच वाच, माय.”

मी वाचलं. सरकारी भाषेतलं मराठी, अडखळत अडखळत. सदर विद्यार्थिनी हिंसक आहे. इतर मुलींना धोका आहे. तिला वसतिगृहात ठेवून घेता येणार नाही, पालकांनी तिला परत पाठवू नये. आणि शेवटी, तिच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थिनीचीही हीच तक्रार आहे.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. एकदा मोठ्याने, एकदा मनात. माझ्या न बोलण्याची तक्रार झाली होती आणि मीच ती पिशवीतून इथवर आणली होती.

आबा लेकीकडे बघत होते. “मंग हाई खरं शे का?” त्यांनी मला विचारलं.

ती माझ्या मागे गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिची बोटं भिंतीचं माती-शेण खरवडत होती. अगदी हळू ती म्हणाली, “येतंय गं.”

मी वळले, तिची दोन्ही मनगटं धरली, आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आहे, मी आहे, इकडे माझ्याकडे बघ. आबा, शेवटचं वाक्य खोटं आहे. मी तक्रार केली नाही. मी काहीच बोलले नाही, तेच चुकलं. हिला आजार आहे, हिने गोळ्या सोडल्यात, गुरुवारी दवाखान्यात जायचंय आणि सोमवारी प्रॅक्टिकल आहे. दोन्हीकडे मी हिच्याबरोबर जाईन, रेक्टरबाईंशीही मीच बोलेन. हिला माझ्यासोबत परत पाठवा. माझ्याकडे बघ गं, मी बोलतेय ना, बघ.”