मागचे हूक

वारज्याच्या सर्जेरावांनी ओढ्याकडचं रान बिल्डरला लिहून दिलं, तेव्हा बायकोला विचारलं नाही. शकूला ते शेजारणीकडून कळलं. त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही.

त्यातच तिचा उजवा खांदा आखडला. हात मागे जाईना. ब्लाउजचे हूक पुढे, ते कसेबसे लागत. पण ब्राचे हूक पाठीवर. हूक पुढे आणून लावायचे आणि मग फिरवायची, तेही तिने करून पाहिलं. खांद्यातून अशी कळ गेली की ती खाटेवर बसूनच राहिली. बालवाडीत शिकवायला जायचं, बस चुकवून चालायचं नाही. घरात तिसरं माणूस नाही. शेवटी ती नवऱ्यापुढे पाठ करून उभी राहिली.

मग रोज सकाळी तेच. सर्जेरावांची जाड बोटं त्या बारीक हुकांशी झटत. एक लागला की दुसरा सुटे. त्यांचा श्वास मानेला लागला की शकूचं अंग ताठ होई.

"लई घट्ट झालं का?" ते विचारत.

ती नुसती मान हलवी. ज्याने आपलं रान परस्पर दिलं, त्याच्याचपुढे रोज उघडी पाठ करायची, हे तिला जिव्हारी लागे.

एका शनिवारी ती तुळशीबागेत गेली. एका दुकानात आबेदा नावाची बाई गिऱ्हाईक बघत होती. शकूने खालच्या आवाजात अडचण सांगितली. आबेदाने मागून लावायची आणि पुढून लावायची, अशा दोन्ही तऱ्हा काढून समोर ठेवल्या.

"ताई, मागच्या हुकांना अडकवायला घरांच्या दोन-तीन ओळी असतात. सैल झाली की आतल्या ओळीत लावायची. पुढून लावायचीला ती सोय नाही. इलॅस्टिक गेलं की संपलं. पण हात मागे न्यावा लागत नाही. दुखरा हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा."

"पुढचीच द्या," शकू म्हणाली.

सोमवारी सकाळी सर्जेराव नेहमीसारखे दाराशी आले. शकूने आतून कडी लावली. हूक एकदा निसटला, पुन्हा लावला. पदर सारखा करत ती बाहेर आली.

"लागलं?" त्यांनी चमकून विचारलं.

"लागलं. आता तुमची गरज न्हाई."

कितीतरी महिन्यांनी ती बोलली होती, तेही असं. सर्जेराव म्हणाले, "तेवढ्यापुरती तरी जवळ यायचीस गं."

"रान देताना मी जवळ नव्हते व्हय?"

ती बसला निघून गेली.

संध्याकाळी बिल्डरचा माणूस विहिरीजवळचा तुकडा मागायला आला. कणकेचे हात तसेच ठेवून शकू आतून ऐकत राहिली.

"मालकिणीला इचारा," सर्जेराव म्हणाले. "ती हो म्हनली तरच."

शकू तशीच बाहेर आली. "द्यायचं न्हाई," तिने त्या माणसाला तोंडावर सांगितलं. सर्जेराव मध्ये पडले नाहीत. तो माणूस चपला घालून चालता झाला.

गेलेलं रान काही परत येणार नव्हतं, आणि शकू ते विसरणारही नव्हती. पण जेवताना तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं, "आमटीत मीठ बरोबर हाय का?"