सूर्योदयाआधीची तारीख

पंचवटीत ढुंढिराज गुरुजींकडे माणसं दिवस विचारायला येतात. लग्नाचा, वास्तुशांतीचा, दुकानाचं शटर पहिल्यांदा वर करायचा, नवी गाडी शोरूममधून बाहेर काढायचा. गुरुजी पंचांग उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात, कारण जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसतं, आणि दिवस सांगून मोकळे होतात. बत्तीस वर्षांत कोणी परत येऊन भांडलेलं नाही. भांडण्यासारखं घडलं ते त्यांच्याच घरात, आणि जिने भांडायला हवं होतं तिने तोंडातून शब्द काढला नाही.

ती म्हणजे मृण्मयी, त्यांची एकुलती एक लेक. जन्म पहाटे तीन चाळीसचा. हॉस्पिटलने दोन जुलै लिहिलं, कारण हॉस्पिटलचा दिवस रात्री बारा वाजता बदलतो. गुरुजींचा बदलतो सूर्योदयाला. त्यांच्या हिशेबी पोर शनिवारीच जन्मली, आणि शनिवारी तारीख होती एक.

यावरून पहिल्याच आठवड्यात नवरा-बायकोची जुंपली होती. "अहो, जन्माला मी घातलंय तिला," उत्तराबाई म्हणाल्या. "घड्याळ माझ्यासमोर भिंतीवर होतं."

"घड्याळाचं काय सांगतेस? सूर्य उगवला होता का?"

"मला तेव्हा सूर्य बघायला सवड नव्हती."

शाळेत नाव घालायला गेले तेव्हा महापालिकेचा जन्मदाखला गुरुजींच्या पिशवीतच होता. मुख्याध्यापकांनी जन्मतारीख विचारली, आणि गुरुजींनी पिशवीत हातसुद्धा न घालता सांगितलं, एक जुलै. मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न गुरुजींनीच लावलेलं. दाखला दाखवा म्हणायची त्यांची काय टाप? एक जुलै रजिस्टरात बसली आणि तिथून दहावीच्या प्रमाणपत्रावर गेली. घरात त्याची थट्टाच व्हायची. केक दोन तारखेला, ओवाळणं तिथीला, आणि फॉर्म भरताना एक. "मी तीनदा मोठी होते," असं पोरगी मैत्रिणींना सांगायची.

विमानांचं वेड तिला कोणी लावलं नाही. ते नाशिककरांच्या डोक्यावरूनच जातं. ओझरहून लढाऊ विमानं चाचणीला उठतात. शाळेला सुट्टी असली की ती गुरुजींबरोबर रामकुंडावर यायची. संकल्प चालू असताना आभाळ फाटल्यासारखा आवाज व्हायचा, यजमान दचकून वर बघायचे, गुरुजींचा मंत्र अडायचा. पायरीवर बसलेली आठ-नऊ वर्षांची ही मात्र आवाजाच्या दिशेला बघायची नाही. बरोबर त्याच्या पुढे बघायची. विमान तिथेच असायचं.

बारावीला तिने सांगून टाकलं की मला तेच चालवायचंय. पण तेव्हा एनडीएचं दार मुलींना बंद होतं, आणि ते उघडलं तोवर हिचं वय निघून गेलं होतं. राहिली एकच वाट. इंजिनिअरिंग करायचं, मग हवाई दलाची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची मुलाखत, आणि त्यातच पायलटसाठीची मशीनवरची परीक्षा. दांडा हातात, पेडल पायाखाली, पडद्यावरचा ठिपका धरून ठेवायचा. पायांची लांबी किमान नव्याण्णव सेंटीमीटर लागते म्हणून उत्तराबाईंनी ब्लाउजच्या टेपने तिला भिंतीशी उभं करून मापलं. शंभर भरली. त्या दिवशी घरात शिरा झाला. उत्तराबाईंच्या शिलाई मशीनचा पायटा सहा महिने पोरीच्याच ताब्यात होता. हातात कुठूनतरी आणलेली गेमची दांडी, पाय पायट्यावर, आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउज तसेच पडलेले.

पहिल्या वेळी ती मुलाखतीला गेली आणि पहिल्याच संध्याकाळी गाळली गेली. "डबा उघडायच्या आत परत पाठवलं, बाबा," असं म्हणून हसत घरात आली. दुसऱ्या वेळी लेखी परीक्षा उत्तम गेली, पण बोलावणं आलं तेव्हा डेंग्यूने अंथरुणात. तारीख बदलून मिळाली. ती मुभा एकदाच असते. नवी तारीख आली ती वैशाख अमावास्येची.

गुरुजी दुसऱ्या दिवशीच्या श्राद्धासाठी दर्भाची पवित्रकं वळत बसले होते. ती येऊन शेजारी बसली. एक काडी उचलून बोटाला गुंडाळत राहिली.

"बाबा, अमावास्येला हजर व्हायचंय. जाऊ का?"

गुरुजींचे हात थांबले. या मुलीने आयुष्यात कधी दिवस विचारला नव्हता. 'आज कुठल्या देवाची रजा?' असं विचारून पंचांगाची टर उडवणारी ही.

"तुला काय वाटतं?"

"मशीनची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झालं की कुठल्याही वाटेने जा, पायलट म्हणून परत घेत नाहीत. आणि माझा डावा पाय अजून उशिरा पडतो. पुढच्या खेपेला गेले तर सरावाला निदान सहा महिने मिळतील. पण वयाचं अडतंय. पुढच्या खेपेला माझ्या सालातले दोन जुलैपासून जन्मलेलेच चालतात. माझ्या प्रमाणपत्रावर एक आहे."

"अगं, तू दोनचीच आहेस. महापालिकेचा दाखला आहे की आपल्याकडे. दुरुस्त करून घेऊ."

"झाली का आता दोन?" आतून उत्तराबाईंचा आवाज आला.

पोरीला पंचांग नको होतं. ती घाबरली होती, आणि आपल्या भीतीला कोणीतरी मोठ्या माणसाने होकार द्यावा, नाहीतर दटावून गाडीत बसवावं, एवढंच तिला हवं होतं. गुरुजींना ते दिसलं नाही म्हणावं, तर तसंही नव्हतं. पण समोर बसून कोणी विचारलं की दिवस सांगायचा, हे अंगवळणी पडलेलं. शिवाय आयुष्य गेलं ते विधी करण्यात, आणि प्रत्येक विधीच्या शेवटी राहिल्या-चुकल्याची क्षमा मागून घ्यायची सोय असते. तारखेलाही तशी सोय असणार, हे ते धरूनच चालले.

"जन्मात एकदाच मिळणारी गोष्ट अमावास्येवर कशाला टेकवायची?" ते म्हणाले. "पुढच्या खेपेला जा."

मृण्मयीने श्वास सोडला. चेहरा असा सैल झाला की गुरुजींना वाटलं, बरं झालं, पोरीच्या मनावरचं ओझं उतरवलं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त आठवत राहिला तो हा सुटलेला श्वास.

जूनच्या पहिल्या तारखेला पुढचा अर्ज निघाला. संगणकाने दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख मागितली. तिने एक जुलै टाकली. लाल अक्षरात उत्तर आलं: वयात बसत नाही. तिने पुन्हा टाकली, तेच. पान बंद करून ती उठली आणि तिने आईला फक्त विचारलं, "दाखला कुठे ठेवलाय?"

दहावीच्या बोर्डाच्या कार्यालयात गुरुजी स्वतः गेले. प्लास्टिकच्या पिशवीत जन्मदाखला, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. टेबलामागे सुनील नावाचा कारकून होता, चाळिशीचा, सभ्य. त्याने दाखला नीट वाचला.

"हा खरा आहे, काका, मान्य. पण शाळा सोडल्यावर तारीख बदलत नाहीत. बारावी, डिग्री, सगळीकडे एकच तारीख आहे. चूक होती तर मुलगी शाळेत असतानाच दाखवायची."

"चूक नव्हती हो ती," गुरुजी पटकन म्हणाले. "सूर्योदय व्हायचा होता."

सुनीलने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा करायचा त्याचा विचार नव्हता.

"मग तुमच्या मते एक तारीखच बरोबर ना?"

गुरुजी दाखला परत पिशवीत घालू लागले. सोळा वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांसमोर तो बाहेर काढला असता तर ही वेळच आली नसती. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की कोर्टातून होईल, पण वर्ष-दीड वर्ष धरा. अर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती. ती संपली.

त्या दिवशी जेवताना गुरुजींनी मनाशी जुळवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. "व्यावसायिक पायलटचा परवाना असला तर सव्वीसपर्यंत घेतात म्हणे. माझा घरातला हिस्सा विकतो."

"आता हिस्सा विकणार, मग शाळा शोधणार, मग उड्डाणाचे तास भरणार. नाही होत, बाबा."

"मग जमिनीवरच्या शाखेत तरी जा. त्यांनाही सव्वीसपर्यंत घेतात. गणवेश तोच."

"जमिनीवर उभं राहून त्यांना वर जाताना बघायचं?" तिने आमटी वाढून घेतली. "ते मी रामकुंडावर बसून बघतच होते की."

एवढंच. ना रडली, ना चिडली. बोलल्या त्या उत्तराबाई, तेही भांडी घासताना, नळाकडे तोंड करून. "पायाच्या एका सेंटीमीटरने आत घेतली होती हो पोरीला. तुम्ही एका दिवसाने बाहेर काढलीत."

गुरुजी घाटावर जात राहिले. न जाऊन करतात काय? पण संकल्पात तिथी आणि वार उच्चारायचा असतो, आणि वाराशी त्यांची जीभ अडू लागली. नामपूरचा हिरामण, कांद्याचा शेतकरी, दरवर्षी बापाच्या श्राद्धाला येणारा, पाटावर बसता बसता मोठ्या कौतुकाने म्हणाला, "गुरुजी, तुमनी पोर काय करी राह्यनी आते? इमान चालाडस ना?"

"करते काहीतरी," गुरुजी म्हणाले, आणि पळीत पाणी नसतानाच त्यांनी ती त्याच्या हातावर उपडी केली. हिरामणला वाटलं, गुरुजी आता थकले.

घरी शिलाई मशीनचा पायटा मोकळा झाला होता. उत्तराबाईंनी ब्लाउज उरकायला घेतले. शेजारच्या मुलांनी मागितली म्हणून गेमची दांडी मृण्मयीने देऊन टाकली, दोनदा विचारायलाही लावलं नाही.

हैदराबादच्या एका कंपनीने तिला कॉलेजात असतानाच निवडलं होतं. ती नोकरी तिने आता घेतली. आषाढ संपत आलेला. गुरुजी पंचांग घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी गेले. सवयीने गेले, दुसरं काही नाही. जाण्याचा दिवस बघावा, लेकीशी निदान तेवढं तरी बोलणं व्हावं.

"तिकीट काढलंय, बाबा," ती बॅगेची चेन लावत म्हणाली. "सोमवारचं."

गुरुजींना पंचांग उघडायची गरज नव्हती. पंचांग पाठीमागे धरून ते परत फिरले.

सोमवारी उत्तराबाईंनी सकाळपासून घरातले दिवे चिंचेने घासून ओळीने मांडले होते. आषाढातल्या अमावास्येला मांडतात तसेच. कणकेचे गोड दिवे उकडून त्यातले चार त्यांनी लेकीच्या डब्यात भरले. मृण्मयी दोघांच्या पाया पडली. गुरुजींनी डोक्यावर हात ठेवला. मोठी बॅग त्यांनीच रिक्षापर्यंत नेली. गल्लीत खाली बघत चालले, जणू पायऱ्या मोजतायत.

"पोचलीस की फोन कर."

"करते."

रिक्षा वळणाआड गेली. उत्तराबाई दारात पदराने हात पुसत उभ्या होत्या.

"आज अमावास्या आहे, सांगितलंत का तिला?"

गुरुजी चप्पल काढून आत आले. ओळीने मांडलेल्या दिव्यांना लागू नये म्हणून त्यांनी धोतराचा सोगा वर धरला.

"विचारलं नाही तिने," ते म्हणाले.