टेप गळ्यात घालणारे चाचा

अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो की, दिग्रसच्या आमच्या टेलरचाचांचा टेप फक्त गळ्यात मिरवायला असतो. ते गिऱ्हाइकाकडे एकदा बघतात, डोळे मिटतात आणि मान डोलवत माप मनात उतरवतात. शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस उडत दुकानात येतो, मशीन गुणगुणते, मलाही गुंगी चढते.

माझ्या शेजारणीच्या मुलीची पाठ एका बाजूला फार वाकलेली होती. चारचौघांत तिला टेप लावायचा नाही, म्हणून चाचा दरवर्षी अंदाजानंच तिचा शाळेचा ड्रेस शिवत. तिचा डावा खांदा झुकलेला, म्हणून ड्रेसच्या त्या खांद्यात गुपचूप कापसाची गादी भरत.

यंदा नागपूरला तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, सळ्या बसवल्या. ती परतायच्या आत चाचांनी नवा ड्रेस शिवून ठेवला, जुन्याच अंदाजानं. तिनं तो घातला, तर डावा खांदा वर! आईचा चेहरा उतरला.

"चाचा, अजून वाकडीच दिसून राह्यली का हो?"

मुलगी आरशाकडे बघेना. चाचांनी तिचा खांदा चाचपला, शिवण उसवली आणि गादी ओढून काढली. दोन्ही खांदे एका रेषेत आले. चाचा दुकानभर ओरडले, "अरे बेटी, तू त सीधी हायेस, माहा ड्रेसच टेढा निघाला!"