मुकादमचाचांचे तीन खण

मुकादमचाचांपुढे कोणीही आपलं दुखणं घेऊन उभा राहिला, की चाचा चष्मा पुसायचे, डोळ्यांवर चढवायचे, त्याच्या तोंडाकडे टक लावून सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुन्हा सांग." त्याने पुन्हा सांगितलं, की परत, "पुन्हा सांग." तिसऱ्यांदा सांगून होईपर्यंत चाचांच्या पेनाचं टोपण निघायचं नाही. ताप असो, कंबर धरलेली असो की बोट ठेचलेलं असो, तीनदा सांगितल्याशिवाय सुटका नाही. नवे कामगार वैतागायचे. जुने हसून म्हणायचे, "सांग बाबा, चाचाची रीतच हाय ती."

पनवेलजवळच्या एका कारखान्यातली, नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. पत्र्याचे डबे आणि त्यांची झाकणं ठोकायचा कारखाना. तिथल्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, हुसेन मुकादम कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. मी नवीन पनवेलच्या वसाहतीतून सायकलने यायचो. बी.कॉम. झालेलो, इंग्रजी बरं, त्यामुळे आपल्याला अक्कल जरा जास्तच आहे अशी माझी समजूत. चाचा आठवी पास. आधी अठरा वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेस खात्यात मशीनवर, मग अक्षर वळणदार म्हणून टेबलावर आणलेले. टेबल तरी कुठं, तर प्रेस खात्याच्या भिंतीला खेटून. मशीनच्या ठोक्यांनी कपातला चहा दिवसभर थरथरत असायचा.

कामगार विम्याचे कागद हे आमचं मुख्य काम. कोणाला कुठल्या प्रकारात किती मदत मिळते, याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कपाटावर होतं. चाचांनी ते सगळं पुस्तक टेबलाच्या तीन खणांत बसवलं होतं. वरचा खण घरचं, मधला कारखान्याचं, खालचा राहिलेलं. "आधी बोल, दुखणं कुणाचं? तुझ्या घरचं की कारखान्याचं?" हा त्यांचा पहिला सवाल. ताप, कावीळ, पोटदुखी हे घरचं. त्यात ठरावीक दिवस पगाराचा काही भाग मिळतो, दिवस संपले की संपलं. क्षयासारखं चिवट दुखणं असेल तर तेही घरचंच, फक्त त्याला दिवस जास्त. कामावर मार लागला तर ते कारखान्याचं, त्यात जास्त मिळतं आणि बरं होईपर्यंत मिळत राहतं. आणि औषधपाणी होऊनही जे अंगात उरतं, तुटलेलं बोट, ताठ झालेला गुडघा, ते राहिलेलं. ते डॉक्टरांच्या बोर्डापुढे जातं. "बोर्ड बघतो, सोळा आण्यांतले तुझे किती आणे गेले. जेवढे गेले तेवढ्याचं दर महिन्याला, मरेपर्यंत," चाचा समजावायचे आणि वर बजावायचे, "खण चुकला की माणूस बुडाला, बेटा."

एकदा एका थट्टेखोराने विचारलं, बायकोने लाटणं मारलं तर कुठला खण? चाचांनी त्यालाही तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळेपर्यंत अर्धं प्रेस खातं गोळा झालं होतं आणि गडी लाजून लाल. चाचा शांतपणे म्हणाले, "आत्ता घरचं आहे. पुन्हा पिऊन गेलास तर राहिलेलं होईल."

त्या 'पुन्हा सांग'चं मोल मला कळलं ते बाळारामच्या वेळी. बाळाराम करंजाड्याचा, प्रेसवर काम करणारा. एका सकाळी उजव्या हाताला हे एवढं बँडेज गुंडाळून आला.

"आमी घरी पडलो, चाचा. ओट्यावरून."

"पुन्हा सांग."

"घरीच पडलो. विहिरीवर पाय सरकला."

चाचांनी चष्मा पुन्हा पुसला. "पुन्हा सांग."

बाळाराम एकदम रडायलाच लागला. "घरी नाय पडलो. प्रेसमधी हात गेला. सुपरवायझर बोलला, घरी पडलो असा सांग, नायतर कामावर घेनार नाय."

चाचांनी पेनाचं टोपण काढलं. "आता तू बोललास," ते म्हणाले. "आधी दोनदा सुपरवायझर बोलत होता."

अपघाताचा अहवाल त्याच दिवशी गेला. मॅनेजरसाहेब आठवडाभर चाचांशी बोलले नाहीत. बाळारामची दोन बोटं गेली ती गेलीच, पण त्याचा कागद मधल्या खणातून खालच्या खणात गेला आणि त्याचं दर महिन्याचं सुरू झालं. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आमच्याकडे एक म्हातारा आहे, वकिलाच्या वरताण आहे. खोटं बोलणाऱ्याला तेच खोटं तीनदा नीट बोलता येत नाही, हे त्याने बरोबर हेरलंय.

युक्ती-बिक्ती काही नव्हती. ते मला वर्षभराने कळलं, एका दुपारी वीज गेली तेव्हा. सगळे प्रेस एकदम बंद पडले. कारखान्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. चाचा माझ्याकडे पाठ करून कागद लावत होते. मी म्हटलं, "चाचा, चहा आलाय." ते हलले नाहीत. आणखी दोनदा हाक मारली. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळले. त्या गोंगाटात आम्ही सगळेच तोंडासमोर तोंड आणून ओरडत असू, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चाचांना ऐकू येत नव्हतं. ते ओठ बघायचे. पहिल्यांदा अर्धं समजायचं, दुसऱ्यांदा आणखी थोडं, तिसऱ्यांदा पुरतं. दुसऱ्याच्या दुखण्यात एक शब्दही चुकू नये म्हणून तीनदा.

मी कानाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कधीपासून?"

"वय झालं, बेटा," ते हसून म्हणाले. "हे घरचं."

मीही मान डोलावली. वय झालंच होतं, निवृत्तीला तीन महिने उरले होते. मग त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी कपाटावरचं ते जाड पुस्तक सहज खाली काढलं. आता हे आपल्यालाच बघायचंय, म्हणून. शेवटी कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती. चाचा तिथपर्यंत कधी गेले नसावेत, शिशाने आणि ॲसिडने होणारे रोग तेवढे त्यांना ऐकून माहीत होते. त्या यादीत स्वच्छ लिहिलं होतं, आवाजाच्या जागी काम करून आलेलं बहिरेपण. म्हणजे कारखान्याचं. म्हणजे पुढे राहिलेलं. सगळ्यांची दुखणी बरोबर खणात घालणाऱ्या माणसाने स्वतःचं तेवढं चुकीच्या खणात टाकलं होतं.

आता मी काय केलं ते सांगतो. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात निघायचा होता. आमच्या टेबलामागे प्लायवूडचा आडोसा आणि त्यापलीकडे मॅनेजरसाहेब. चाचांचे कान कारखान्याने घेतले असं एकदा कागदावर आलं, की अख्ख्या प्रेस खात्याचे कान तपासायला निघाले असते, आणि ही कळ कुणी लावली तर या पोराने. नेमकी तेव्हा पुन्हा वीज गेलेली, मशीन बंद, पलीकडे खुर्ची करकरलेली ऐकू येत होती. मी हजेरीपुस्तकात मान घातली आणि हळू आवाजात म्हणालो, "चाचा, तुमच्या कानांचं कारखान्याचं आहे. पुस्तकात आहे. अर्ज करा."

चाचा म्हणाले, "हां हां. बरं बरं." आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

मला अगदी मोकळं वाटलं. सांगून झालं, आता पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. त्यांनी काही केलं नाही, तेव्हा मी ठरवून टाकलं, की जाता जाता कारखान्याशी वाकडेपण नको असेल त्यांना. निरोपसमारंभात त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं. माझा कागद निघाला. त्यांची खुर्ची मला मिळाली, तीन खणांसकट.

त्यांच्या घरी जायला मला दीड वर्ष लागलं. पनवेल गावातल्या मोहल्ल्यात, मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं घर. जवळ होतं, सायकलवर वीस मिनिटं, तरी जायचं राहून जायचं. खरं तर मी टाळत होतो. चाचा खिडकीशी बसलेले, बारीक झालेले. त्यांची सून शमीम चहा घेऊन आली. म्हणाली, "अब्बा आता कुणाशी बोलतच नाहीत. पहिले कारखान्यातली माणसं यायची कागद घेऊन. अब्बा पाच-पाचदा विचारायचे, तरी जवाब भलताच द्यायचे. मग येईनाशी झाली." कारखान्यात लोक तोंडासमोर ओरडत. घरात सगळे अदबीने बोलत, हळू, नजर खाली ठेवून. त्या अदबीतच म्हातारा एकटा पडला होता.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "चाचा, मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या कानांचं कारखान्याचं आहे म्हणून."

चाचांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "पुन्हा सांग."

"सांगितलं होतं मी. शेवटच्या आठवड्यात. पण जरा हळू सांगितलं."

"पुन्हा सांग."

शमीम दारात उभी होती. मी चाचांकडे बघितलं, या वेळी मान खाली घातली नाही. "मी मुद्दाम हळू सांगितलं, चाचा. साहेब पलीकडे बसला होता. मला भीती वाटली."

चाचांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "आता तू बोललास."

मला रडू आवरेना. "तेव्हा का नाही म्हणालात, पुन्हा सांग? सगळ्यांना म्हणायचात."

"त्यांच्या दुखण्याचा सवाल असायचा," ते म्हणाले. "तुझी मान खाली, तोंड दिसेना. मला वाटलं पोरगा निरोपाचं काही बोलतोय, गळा भरलाय त्याचा. त्यात काय पुन्हा विचारायचं?" मग बोटांच्या पेरांवर महिने मोजले आणि मान हलवली. "अर्जाची मुदत गेली, बेटा."

मुदतीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला, का उशीर झाला त्या रकान्यात माझं नाव घालून खरं तेच लिहिलं. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. एवढंच. ज्याला भिऊन मी हळू बोललो ते एवढंच होतं. वेळेवर गेला असता, तर दर महिन्याचं मिळालं असतंच, विम्याच्या दवाखान्यातून कानाचं यंत्रही मिळालं असतं. चाचांना सुनेचा आवाज ऐकू आला असता, मागच्या मशिदीतली बांग ऐकू आली असती, कागद घेऊन माणसं येत राहिली असती.

अर्जाचं उत्तर यायच्या आत चाचा गेले. साध्या तापाने गेले. घरचंच दुखणं ते. उत्तर नंतर आलं, मुदत संपल्याचं. तो कागद कुठल्या खणात ठेवायचा ते मला कळलं नाही, तो माझ्या घरी आहे.

माझे कान अजून शाबूत आहेत, पहिल्याच सांगण्यात सगळं ऐकू येतं. तरी टेबलासमोर कोणी उभं राहिलं, की मी पुन्हा सांग म्हणतो. आणि मला कोणाला काही सांगायचं असलं, तर मान वर करून, त्याला माझं तोंड दिसेल असं, तीनदा सांगतो. लोकांना वाटतं, माझी रीतच आहे ती.