डोळ्यांतली हळद

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर मुळीच नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जमेल कदाचित.

कोरोनाची पहिली लाट होती. ईशान जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला इथल्या, परदेशातल्या डीमन गावच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. खालून रिकाम्या ट्राम जायच्या, पडद्यातून दुधाळ ऊन यायचं, आणि त्या उजेडात मृदुला नि बाळ तरंगत असल्यासारखी झोपलेली असायची. वार कुठला, वेळ कुठली — कशाचाच पत्ता नसायचा. पुण्याहून कुणी येणं शक्यच नव्हतं. आई व्हिडिओ कॉलवरून अंघोळीचे हुकूम सोडायची: बेसन, साय, चिमूटभर हळद. मी इंजिनियर माणूस, चिमूटसुद्धा चमच्यानं मोजली.

इथे बाळंतिणीच्या मदतीला आठवडाभर नर्स घरी येते. आमची मास्क लावून तासभरच यायची. तिसऱ्या दिवशी ती बाळाच्या छातीवर बोट दाबून थांबली. पिवळा वाटतोय का हा, तिनं विचारलं. रक्त तपासायला पाठवू या?

मी घाबरलो. बाळासाठी म्हणू? ऐकायला बरं वाटेल. पण नाही — त्या दिवसांत हॉस्पिटलात पाऊल टाकायला मी स्वतःसाठी घाबरलो. हसून तिला टॉवेलवरचे पिवळे डाग दाखवले. म्हटलं, "हळद आहे, आमच्याकडे लावतात." तीही हसली.

हळद आदल्या दिवशी लावली होती. त्या सकाळी मीच त्याला स्वच्छ पुसून खिडकीपाशी नेलं होतं. त्यानं डोळे किलकिले केले, तर डोळ्यांतलं पांढरंही पिवळं होतं. डोळ्यांत कोण हळद लावतं?

चौथ्या दिवशी नर्सला खोकला झाला, ती आली नाही. मीही फोन केला नाही. ईशान नुसता झोपून होता. गुणी बाळ आहे हो, आई म्हणाली. पाचव्या दिवशी तो दूध प्यायलाही उठेना, तेव्हा धावलो. एकालाच आत सोडत होते. मृदुला त्याच्याबरोबर कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांपाशी, मी बाहेर गाडीत.

दोन वर्षांचा झाला तरी तो हाकेला वळेना. आता त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. कावीळ पहिल्यांदा कधी दिसली, डॉक्टरांनी विचारलं. पाचव्या दिवशी, मृदुला म्हणाली. मी मान डोलावली. कान काविळीमुळेच गेले असं खात्रीनं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्या एका वाक्याच्या आडोशाला मी बरेच दिवस काढले.

मृदुलाला मात्र खात्री आहे. तिला दूध उशिरा आलं, बाळ उपाशी राहिलं, म्हणून कावीळ चढली. "तसं काही नसतं गं," मी म्हणतो — इतक्या मायेनं, की ती माझा हात धरते.

परवा मैत्रिणीनं दुसऱ्या बाळाचा विषय काढला. मृदुला हसत म्हणाली, "नको बाई, माझं दूध पुरत नाही."

मी चहा गाळत होतो. गाळत राहिलो.